एक ठिपका म्हणजे शंभर माणसं: पानिपतच्या फौजांच्या तक्त्याच्या नोंदी

१ नोव्हेंबर

आजपासून तक्त्याचं काम हातात घेतलं. १७६० साली साधारण याच सुमारास मराठ्यांची आणि अब्दालीची छावणी पानिपतावर समोरासमोर येऊन बसली, आणि १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमीला, निकाल लागला. मोजले तर पंचाहत्तर दिवस होतात. आम्हीही मुद्दाम तेवढेच घेतले आहेत. वाचताना हा काळ दोन पानांत उलटून जातो आणि तो केवढा लांब होता हे अंगाला लागतच नाही.

बारा फुटी कागदावर दोन्ही फौजा ठिपक्यांनी मांडायच्या आहेत. एक ठिपका म्हणजे शंभर माणसं. आकडे मी काढायचे, रेखाटन ताई करणार. विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, फौज कोणाची मोठी होती? ऐकणाऱ्याला त्याचं उत्तर एका शब्दात हवं असतं. ते तसं देता येतं का, हे बघायला हा तक्ता.

४ नोव्हेंबर

आधाराला काशीराज पंडिताची हकिकत घेतली. माणूस मूळचा दक्षिणी, पण अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी. लढाईच्या वेळी अब्दालीकडच्या छावणीत होता, आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांची तहाची बोलणी शुजापर्यंत त्याच्यामार्फत जात. लिहिलं मात्र जवळपास वीस वर्षांनी, फारसीत. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, पण आठवणीतून उतरवलेलं. लाखालाखांचे गोल आकडे देणारी वर्णनं मी बाजूला ठेवली आहेत. काशीराज पथकवार आकडे देतो, त्यामुळे त्याचा हिशेब तपासता येतो.

तो आज तपासला. अब्दालीचे स्वतःचे २४ दस्ते, दर दस्त्यात १,२०० स्वार, म्हणजे २८,८००. नजीबखान रोहिल्याचे ६,००० स्वार आणि २०,००० प्यादे. दुंदेखान आणि हाफिज रहमतखान मिळून ४,००० स्वार, १५,००० प्यादे. शुजाचे २,००० स्वार, २,००० प्यादे. अहमदखान बंगशाचे हजार आणि हजार. बेरीज केली: ४१,८०० स्वार, ३८,००० प्यादे. काशीराजाने शेवटी दिलेली बेरीज नेमकी हीच आहे. अडीच शतकांपूर्वीच्या कारकुनी डोक्याच्या माणसाबरोबर बसून हिशेब जुळवल्यासारखं वाटलं, आणि फार बरं वाटलं.

पण २४ गुणिले १,२०० हा आकडा जरा जास्तच नेटका आहे. ही फौज कंदाहारकडून निघून वर्ष उलटून गेलं होतं. इतक्या दिवसांत एकही दस्ता रोडावला नसेल हे होणं नाही. तेव्हा हा दस्त्याचा नेमलेला आकडा धरायचा, सकाळच्या हजिरीचा नव्हे. तक्त्याच्या कोपऱ्यात ही टीप हवीच.

८ नोव्हेंबर

मराठ्यांची बाजू. ५५,००० स्वार, १५,००० प्यादे, २०० तोफा, आणि वर १५,००० पेंढारी. त्यात जनकोजी शिंद्यांचे १०,००० स्वार, मल्हारराव होळकरांचे ५,०००. इब्राहिमखान गारद्याचे ९,००० बंदूकवाले, २,००० स्वार आणि ४० तोफा. बाकी हुजुरात (म्हणजे पेशव्यांची स्वतःची फौज), खासगीची पागा, आणि गायकवाड, पवार, विंचूरकर, समशेरबहाद्दर, अंताजी माणकेश्वर अशी सरदारांची पथकं.

९ नोव्हेंबर

ताईंनी पहिला कच्चा तक्ता काढला. स्वारांच्या रांगेत मराठ्यांचे ५५० ठिपके, समोर ४१८. प्याद्यांच्या रांगेत १५० विरुद्ध ३८०. ताई लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर बरोबरीचे दिसतायत." स्वार-प्यादे एकत्र धरले तर सत्तर हजारांसमोर ऐंशी हजारांना दोनशे कमी. पेंढारी मराठ्यांत धरले की पंच्याऐंशी हजार होतात आणि पारडं फिरतं.

म्हणजे पहिलाच पेच असा की पेंढारी शिपाई धरायचा की नाही. त्याला पगार नाही, तो लुटीवर जगतो. शत्रूचा मुलूख उजाड करायला आणि पळणाऱ्याच्या पाठीवर पडायला उपयोगी, पण रांगेत उभं राहून मार खाणं हे त्याचं काम नाही. बरं, त्यांना धरावं तर काशीराज दुसऱ्या बाजूचंही सांगतो. दुर्राणी, म्हणजे अब्दालीच्या स्वतःच्या, फौजेच्या मागे तिच्या चौपट बिनकवायती स्वार होते, त्यांचे घोडे आणि हत्यारं खड्या स्वारांपेक्षा फारशी कमी नव्हती, आणि खड्या स्वारांनी फळी फोडली की हे आत घुसत. तेवढे मांडायचे म्हटलं तर कागदच पुरणार नाही.

ठरवलं की दोन्हीकडचे हे लोक रेघेबाहेर, तिरक्या रेघोट्यांनी दाखवायचे. ठिपक्यांत धरायचे नाहीत, पण पुसायचेही नाहीत.

१४ नोव्हेंबर

प्याद्यांच्या रांगेवर आठवडा गेला. १५० विरुद्ध ३८० हे चित्र सरळसरळ फसवं आहे, कारण दोन्हीकडचा "प्यादा" एक नाही.

गारदी म्हणजे कवायती पायदळ. इब्राहिमखान आधी निजामाकडे होता, फ्रेंच सरदार बुसीच्या तालमीत तयार झालेला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झाला त्यात याच तोफांचा आणि पलटणींचा मोठा हात होता. उदगीरचा तो ताजा अनुभव घेऊनच भाऊसाहेब उत्तरेत उतरले. चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या बंदुका, हुकमाबरहुकूम बार, रांग मोडू न देण्याची सवय. नऊ हजार माणसं नऊ पलटणींत. लढाईत इब्राहिमखानाने दोन पलटणी बाजूला कोन करून उभ्या केल्या, कुशीवर कोणी येऊ नये म्हणून, आणि सात पलटणी घेऊन दुंदेखान आणि हाफिज रहमत यांच्या रोहिल्यांवर चाल केली. भर लढाईत सैन्याचा कोन करणं, तो टिकवणं आणि उरलेली रांग पुढे नेणं हे नुसत्या शौर्याचं काम नाही. त्यामागे महिनोन्‌महिन्यांची कवायत लागते. काशीराजाच्या सांगण्याप्रमाणे समोरचे आठेक हजार रोहिले मेले किंवा जखमी झाले. आणि गारद्यांच्या सहा पलटणी जवळजवळ संपल्या.

रोहिला प्यादा वेगळा. तो पठाण, हातघाईला तयार, बंदूक आणि तलवार दोन्ही चालवणारा. नजीबच्या लोकांजवळ बाणही भरपूर होते. बाण म्हणजे दारूचे, आजच्या भाषेत रॉकेट. नजीबचं सगळं राज्यच पणाला लागलेलं, त्यामुळे त्याचे लोक इरेला पेटलेले. ते आपल्या मुलखाच्या सीमेवर लढत होते, गारदी शेकडो कोस दूर.

मग ठिपक्याचा आकार बदलायचा का? ताईंचं मत, गारद्यांचे ठिपके मोठे काढू. मला ते पटलं नाही. मोठा ठिपका म्हणजे माझं मत, आणि तक्ता बघणाऱ्याला ते माप वाटणार. शेवटी ठिपका तेवढाच ठेवून गारद्यांचे ठिपके ताणून बांधलेल्या चौकोनांत बसवले, आणि रोहिल्यांचे मोकळ्या घोळक्यांत. काम कसं करतात ते दिसतं, भाव लावला जात नाही.

१५ नोव्हेंबर

चौकोन छान आले. एका पलटणीला दहा ठिपके, नऊ चौकोन.

२१ नोव्हेंबर

तोफा. हा भाग दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं आणि तिथेच सगळ्यात जास्त वाद झाला.

मराठ्यांच्या २०० तोफा, अब्दालीकडे सगळ्यांच्या मिळून ७० ते ८०. त्यातल्या ४० अब्दालीच्या स्वतःच्या, २० शुजाच्या, बाकी इतरांच्या. शाळेत असताना मी हाच आकडा पाठ केला होता आणि "एवढ्या तोफा असून हरलो" अशी हळहळ त्याच्यासोबत पाठ झाली होती. पण काशीराज त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगतो: २,००० उंट, आणि प्रत्येक उंटावर दोन माणसं जंबुरक घेऊन.

जंबुरक ही उंटाच्या खोगिरावर बसवलेली, वळवता येणारी लहान तोफ. गोळा लहान, पण बंदुकीच्या गोळीपेक्षा किती तरी जड. हवं तिथे उंट पळवत न्यायचा, खाली बसवायचा, बार काढायचा, पुन्हा उठवायचा. आता ही दोन हजार जंबुरकं कोणत्या रांगेत घालू? तोफांत घातली तर २०० विरुद्ध २,०७० च्या वर. शिपायांत घातली तर २०० विरुद्ध ७०-८०. दोन्ही खरं आहे, आणि दोन तक्ते एकमेकांच्या तोंडावर मारावेत इतके वेगळे दिसतात.

ताईंनी पुठ्ठ्याचा एक उंट कापला आणि एका तोफेसाठी लांबट गाडा. कच्च्या तक्त्यावर आम्ही दोन्ही सरकवून बघितले. तोफेचा गाडा बैलांनी ओढायचा. फळी जागेवर उभी आहे आणि शत्रू समोरून येतो आहे तोवर ती काळ आहे. पण आपली फळी पुढे सरकली की तोफ मागे राहते, आणि आपलीच माणसं तिच्या तोंडासमोर येतात. मी गारद्यांचे सात चौकोन रोहिल्यांकडे सरकवले आणि तोफांचे गाडे तिथेच राहिले, त्यांच्या पाठीशी, गप्प. उंट मात्र ताईंनी बोटाने उचलून मध्यभागी आणला, मग डावीकडे, मग पुन्हा मध्ये. मला इतकी वर्षं तोफांची संख्या ठाऊक होती, पण तोफ सकाळी जिथे होती तिथेच दुपारी असते हे आज पुठ्ठ्यावर दिसलं.

तोफांसाठी दोन रांगा करायच्या असं ठरलं. एक "जागेवरून मारा करणाऱ्या", दुसरी "फिरून मारा करणाऱ्या". दुसऱ्या रांगेत मराठ्यांची बाजू जवळजवळ मोकळी राहते. ती मोकळीच ठेवू.

२७ नोव्हेंबर

स्वारांचे ५५० ठिपकेही एकजात नाहीत. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. मेला तर सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो. घोडा गेला की त्याचं भांडवल गेलं, गावाकडची अब्रूही गेली. असा माणूस घोड्याला जपूनच लढणार, आणि मराठ्यांची सगळी युद्धपद्धत त्या जपण्यावर उभी होती. अंगावर यायचं, बगल द्यायची, रसद तोडायची, दमवायचं. त्यात तो बिनतोड होता. १४ जानेवारीला त्याच्याकडून मागितलं ते दुसरंच काही: एका जागी राहून, ठरल्या मांडणीत, समोरासमोर.

अफगाण स्वाराचा घोडा अंगाने भारी, तुर्की जातीचा. धाव लांबची नाही पण धडक जोरदार. मोकळ्या माळावर घट्ट रांगेत भरधाव येणारा घोडा, हे त्यांचं खरं हत्यार.

३ डिसेंबर

घोड्यांचे एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे बसून वैरणीचा हिशेब केला. काका म्हणाले, साडेतीनशे किलोचं जनावर धर, रोजचा सुका चारा वजनाच्या दोन टक्के तरी लागतो, कामावर असेल तर वरून चंदी. म्हणजे कमीत कमी सात किलो.

५५,००० स्वार आणि १५,००० पेंढारी, माणशी एकच घोडा धरला तरी ७०,००० घोडे. रोज ४९० टन. बैलगाडीत पाचशे किलो घातले तर दररोज ९८० गाड्या. तोफांचे बैल, हत्ती, उंट आणि ओझ्याची जनावरं यात नाहीत. माणसांचं वेगळं: लढणारे पंच्याऐंशी हजार, त्यांच्यासोबत बुणगे (न लढणारा लवाजमा), बायका, यात्रेकरू, व्यापारी, सेवेकरी मिळून लाखाच्या घरात. माणशी अर्धा किलो धान्य म्हटलं तरी रोज साडेब्याण्णव टन. शंभर किलो लादलेले ९२५ बैल रोज छावणीत यायला हवेत.

काकांनी कागद माझ्याकडून घेतला आणि ९८० ला पंचाहत्तरने गुणलं. ७३,५०० गाड्या. मग बराच वेळ ते बोलले नाहीत. म्हणाले, "चार दिवस चारा तोडला तर घोडा मरत नाही गं. उभा असतो. तोबरा लावलास तर तोंड घालतो. पण टाच मारलीस तर उचलत नाही."

हे वाक्य मी तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

अब्दालीचाही हिशेब केला: ४१,८०० घोडे, सुमारे २९३ टन. पण त्याच्याकडच्या त्या चौपट बिनकवायती स्वारांचे घोडे यात नाहीत, ते धरले तर त्याची गरज मराठ्यांहून जास्तच निघते. गरजेने फरक पडत नव्हता. फरक होता तो चारा येणार कुठल्या दाराने, याचा.

७ डिसेंबर

१७६० च्या ७ डिसेंबरला पानिपतावर संध्याकाळी पेटलेली चकमक रात्री वाढत गेली. नजीबचे रोहिले मराठ्यांच्या खंदकापर्यंत येऊन पोचले. त्यांना मागे रेटताना बळवंतराव मेहेंदळे गोळी लागून पडले. भाऊसाहेबांचा सगळ्यात भरवशाचा सरदार.

ठिपक्यांच्या तक्त्यात हे दाखवायची सोय नाही. शंभर माणसांखाली आमचं माप जातच नाही. आज काही काढलं नाही.

१२ डिसेंबर

ताईंना तोडगा सुचला. एकाच तक्त्यात चार पट्ट्या करायच्या: नोव्हेंबरची सुरुवात, डिसेंबर, १४ जानेवारीची सकाळ, आणि तीच दुपार. ठिपक्यांची संख्या पहिल्या तीन पट्ट्यांत तीच ठेवायची. पण ठिपका आतून रिकामा होत जाणार. पहिल्या पट्टीत भरीव, दुसरीत अर्धा, तिसरीत नुसतं कडं. मराठ्यांचे ५५० ठिपके तिसऱ्या पट्टीतही ५५० च असतील. किती घोडे मेले याचा आकडा घडवायची गरज नाही, आणि छावणीची अवस्थाही लपत नाही.

मला हे फार आवडलं. दुसऱ्या बाजूचे ठिपके भरीवच राहणार.

२० डिसेंबर

दाराचा नकाशा. तक्त्याच्या वरच्या कडेला पट्टीसारखा जाईल.

गोष्ट अशी फिरली. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. भाऊसाहेब मार्चमध्ये दक्षिणेतून निघाले, ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली. तिजोरी इतकी रिकामी की लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडावे लागले. सुमारे नऊ लाख निघाले. एवढ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? १७ ऑक्टोबरला यमुनेकाठचं, कर्नालजवळचं कुंजपुरा घेतलं. तिथे धान्य सापडलं, अब्दालीचा सरदार अब्दुस समदखान मारला गेला. त्या दिवशी मराठे वरचढ होते, आणि आमचा पट्ट्यांचा तक्ता ऑक्टोबरपासून सुरू केला असता तर पहिली पट्टी त्यांचीच असती. अब्दाली नदीच्या पूर्वेला अडकलेला, यमुना भरलेली, डोळ्यांदेखत कुंजपुरा गेलं आणि त्याला काही करता आलं नाही.

मग आठ-दहा दिवसांत त्याने बागपताजवळ नदी ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. नकाशावर ती एवढीशी वळणदार रेघ आहे. ती रेघ काढताना ताईंना मी थांबवलं, जाड काढा म्हटलं. कारण तिच्यानंतर दोन्ही फौजा उलट्या तोंडाने उभ्या आहेत. दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला, उत्तरेतून आलेला अब्दाली दक्षिणेला. मराठ्यांची पाठ परक्या मुलखाकडे. अब्दालीला मात्र उजव्या हाताशी गंगा-यमुनेमधला दुआब, पलीकडे रोहिलखंड, सगळा नजीबच्या माणसांचा मुलूख.

सुरुवातीला त्याच्याकडेही धान्याची ओढ होती. मराठ्यांचे गोविंदपंत बुंदेले दुआबात त्याची रसद मारत होते. वय झालेला, लढवय्यापेक्षा वसुलीतला जाणता माणूस, पण काम नेमकं तेच करत होता जे मराठी फौजेला सगळ्यात चांगलं जमायचं. डिसेंबरात अब्दालीच्या अताईखानाने अचानक छापा घालून त्यांना मारलं. तिथून दुआबाचं दार अब्दालीला सताड उघडं झालं. पतियाळाच्या आलासिंगाकडून मराठ्यांना थोडं धान्य येत होतं, तेही आटलं. कहीला बाहेर पडलेले लोक रात्री परत यायचे बंद झाले. चारा कापायला जाणाऱ्यांना अफगाण गस्तीची पथकं गाठून मारत.

दोन्ही फौजांच्या ताकदीचा निकाल या महिन्यात लागला असं माझं मत होत चाललं आहे, आणि त्यात एकाही मोठ्या लढाईचं नाव नाही.

२४ डिसेंबर

आलेले आणि न आलेले. सूरजमल जाट दिल्लीतूनच परत गेला. राजपूत राजे घरी बसले. शुजा अब्दालीकडे गेला, नजीबने त्याला वळवून नेला. त्याचे एकूण ४,००० लोक म्हणजे आमचे चाळीस ठिपके. पण अयोध्येचा नवाब त्या बाजूला उभा आहे म्हटल्यावर उत्तरेतल्या कितीजणांनी आपलं मत बदललं असेल. या बाबीला रांग नाही, नकाशाच्या कडेला नावं लिहिली. न आलेल्यांची नावं फिकट शाईत.

२ जानेवारी

बुणग्यांचे हजार ठिपके.

आजवर मी ते टाळत होते. तक्ता फौजेचा आहे, लढणाऱ्यांचा. पण तिसऱ्या पट्टीत मांडणी काढायला बसलो आणि ते टाळता येईनात. गोलाची लढाई ठरली ती त्यांच्यासाठीच. मधे बायका, मुलं, बाजार, ओझी, भोवती फौज, डाव्या टोकाला गारदी, आणि हा सगळा गोल लढत लढत पुढे सरकवायचा. ताईंनी मधले हजार ठिपके राखाडी रंगात भरले आणि मग भोवती स्वार बसवायला घेतले. स्वारांची फळी पातळ, लांब पसरलेली दिसायला लागली. सड्या फौजेचे हेच ५५० ठिपके एका बाजूला दाटीने उभे केले तर किती वेगळे दिसतात, ते त्यांनी शेजारी छोटं काढून दाखवलं.

मल्हाररावांचं म्हणणं आधीपासून होतं की बुणगे चंबळेच्या अलीकडे ठेवावेत आणि सड्या फौजेने पुढे जावं. सूरजमलचंही तेच सांगणं. मला इथे कोणाला दोषी धरायचं नाही. तीर्थयात्रेच्या ओढीने आलेल्या, फौजेच्या सोबतीने काशी-मथुरा होईल म्हणून निघालेल्या त्या बायका-माणसांनी काय चूक केली होती? पण फौजेच्या ताकदीचा हिशेब मांडताना त्यांना बाहेर ठेवलं तर हिशेबच खोटा पडतो. प्रत्येक राखाडी ठिपका रोज पन्नास किलो धान्य खातो आणि लढणाऱ्यांच्या काळ्या ठिपक्यांना राखणीला अडकवून ठेवतो.

राखाडी ठिपके पाच तास भरत होतो. हात आखडले.

९ जानेवारी

चौथी पट्टी, १४ जानेवारीची दुपार. हिच्यासाठीच बाकीच्या तीन होत्या, असं आता वाटतं.

सकाळी मराठ्यांचं पारडं जड होतं, हे शत्रूच्या छावणीतला काशीराजच सांगतो. डावीकडे गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. मध्यभागी भाऊसाहेब आणि पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव हुजुरातीसह अब्दालीचा वजीर शहावलीखान याच्या दस्त्यांवर कोसळले आणि आरपार गेले. वजीर घोड्यावरून उतरून पळणाऱ्यांना हाका मारत होता: देश फार लांब आहे, पळून जाणार कुठे?

आणि या वेळी अब्दालीने काय केलं, तर माणसं मोजली. नसकची, म्हणजे शिस्तीचे शिपाई, त्यातले पाचशे छावणीत पाठवले, हत्यारबंद दिसेल त्याला बाहेर काढायला. दीड हजार पळणाऱ्यांच्या वाटेवर, मागे फिरणार नाही त्याला तिथेच कापायला. सात-आठ हजार माणूस असं परत वळलं. राखीव पथकं हलवली. त्यातून ४,००० उजव्या बगलेला, आणि सुमारे १०,००० वजिराच्या मदतीला, हुकूम असा की घट्ट रांगेत, भरधाव, तलवार उपसून घुसा.

चाळीस आणि शंभर, असे एकशे चाळीस भरीव ठिपके ताईंनी एका बैठकीत काढले. दुपार, ताजे घोडे, पोटात अन्न. मग पेन माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "आता आपले सांग."

मी कागद चाळले. हुजुरात पहाटेपासून झुंजत होती. गारद्यांच्या सहा पलटणी उरल्याच नव्हत्या. उजवीकडे शिंदे-होळकर, त्यांच्यासमोर नजीब आणि शहापसंदखान. खंदकाच्या आत बसवलेली, अजून हात न लावलेली, बोलावली की येईल अशी फौज नव्हती. सगळं सकाळीच रांगेत लावलं होतं, कारण गोलाला सगळीकडून कूस होती. दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली तेव्हा त्या जागी आणून उभं करायला कोणी नव्हतं.

चौथ्या पट्टीचा मराठी अर्धा मोकळा राहिला. ताईंनी विचारलं, काहीतरी लिहायचं का त्यात? नको म्हटलं.

१३ जानेवारी

शेवटच्या दुरुस्त्या. शीर्षक बदललं. आधी "कोणाची फौज मोठी?" असं होतं. आता नुसतं "पानिपत, १ नोव्हेंबर १७६० ते १४ जानेवारी १७६१". दस्त्यांच्या नेमलेल्या आकड्याची टीप कोपऱ्यात गेली. काकांनी येऊन वैरणीची पट्टी तपासली, गाड्यांच्या आकड्याखाली "कमीत कमी" हा शब्द घालायला लावला.

पानिपतावर याच तारखेला रात्री छावणीत उरलंसुरलं धान्य वाटलं गेलं. लोकांनी एकदा पोटभर खाल्लं.

१४ जानेवारी

सकाळी तक्ता भिंतीवर चढवला. बारा फुटांचा कागद सरळ लागायला तासभर गेला.

लावून झाल्यावर मी सवयीने पुन्हा एकेक रांग मोजायला घेतली. स्वार जुळले. गारदी, नव्वद, जुळले. दुंदेखान आणि हाफिज रहमत यांच्या प्याद्यांचा घोळका मोजला तर १४९ भरले. पुन्हा मोजला, ताईंनाही मोजायला लावला. एकशे एकोणपन्नासच. गारद्यांच्या तिसऱ्या चौकोनासमोर एक जागा रिकामी राहून गेली होती.

ताईंनी स्टूल आणलं, मी ते धरून उभी राहिले. त्यांनी वर चढून तो ठिपका भरला, कडेपासून आत, शाई ओघळणार नाही असा, सावकाश.

मग मी पुन्हा मोजले. एकशे पन्नास.